प्रवर्तकाने शेअर घेतले म्हणून आपणही घ्यायचे का?

प्रश्न: माझ्याकडे एका मध्यम आकाराच्या औषध कंपनीचे शेअर आहेत. गेल्या महिन्यात प्रवर्तकाने, म्हणजे कंपनीच्या मुख्य मालकाने, बाजारातून थोडे शेअर घेतल्याची बातमी आली, त्याच सुमारास कंपनीच्या सीएफओने (वित्तप्रमुखाने) मात्र विकले. यातलं कोणाचं ऐकायचं? आणि आतल्या लोकांच्या खरेदी-विक्रीवर नियमित लक्ष ठेवायचं तर ते कसं ठेवतात?

उत्तर: विकायला शंभर कारणं असतात, घ्यायला मात्र एकच, असं एक वाक्य या विषयावर नेहमी ऐकायला मिळतं. मुलीचं लग्न, घर, कर, घटस्फोट अशा कुठल्याही कारणासाठी माणूस शेअर विकेल, पण स्वतःच्या कंपनीचे शेअर खिशातले पैसे घालून घेईल तो भाव वाढणार असं वाटल्यावरच. हे वाक्य अमेरिकेतून आलंय आणि तिथे ते बऱ्यापैकी लागू पडतं. तिथल्या मोठ्या कंपन्यांत आतला माणूस म्हणजे बहुधा पगारी मुख्याधिकारी किंवा संचालक. त्याची मालकी नाममात्र असते आणि शेअर त्याला पगाराचा भाग म्हणून मिळतच असतात. असा माणूस उठून बाजारातून शेअर घेतो तेव्हा त्याला अर्थ असतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये बँकांचे शेअर आपटत असताना अमेरिकेतल्या जेपी मॉर्गन बँकेचे प्रमुख जेमी डायमन यांनी स्वतःच्या बँकेचे ५ लाख शेअर सुमारे २ कोटी ६६ लाख डॉलरला घेतले. त्या पडझडीचा तळ जवळपास तिथेच लागला.

आपल्याकडे चित्र वेगळं आहे. इथला आतला माणूस बहुतेक वेळा मालक असतो, प्रवर्तक. आणि मालकाला शेअर घ्यायला एकच कारण नसतं. कंपनीवरचा ताबा घट्ट करायचा असतो. भावाभावांत वाटणी व्हायची असते आणि त्याआधी आपलं पारडं जड करायचं असतं. तारण ठेवलेल्या शेअरचा भाव पडू द्यायचा नसतो. कधी नुसतं छोट्या गुंतवणूकदारांना दाखवायचं असतं की बघा, आम्हीसुद्धा घेतोय. म्हणून भारतात कोणी घेतले यापेक्षा कशा मार्गाने घेतले आणि कोणाच्या पैशाने घेतले, हे मी आधी बघतो. बाकी सगळं त्यानंतर.

आता माहिती कुठे मिळते ते. यासाठी कुठल्याही पैसे घेणाऱ्या सेवेची गरज नाही. बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीचे अंतर्गत व्यवहारांविषयीचे (इनसायडर ट्रेडिंगचे) २०१५ चे नियम त्या वर्षीच्या मे महिन्यात लागू झाले. त्यांनुसार प्रवर्तक, प्रवर्तक गटातले सदस्य, संचालक आणि कंपनीने नेमून दिलेले संवेदनशील पदांवरचे लोक यांनी एका तिमाहीत मिळून १० लाख रुपयांहून जास्त किमतीची उलाढाल केली, तर दोन कामकाजी दिवसांत कंपनीला कळवायचं असतं. कंपनीने पुढच्या दोन कामकाजी दिवसांत शेअर बाजाराला कळवायचं. हा फॉर्म सी. एनएसईच्या संकेतस्थळावर कॉर्पोरेट फायलिंग्जखाली इनसायडर ट्रेडिंगचा विभाग आहे, बीएसईवरही तसाच आहे. कंपनीचं नाव टाकलं की यादी येते. २०२१ पासून बरीचशी नोंद डिमॅट खाती सांभाळणाऱ्या डिपॉझिटरीकडून थेट येते, त्यामुळे मालकाच्या कारकुनाने फॉर्म भरायला विसरण्याचे प्रकार कमी झाले.

यादी उघडली की बहुतेक लोक नाव आणि शेअरची संख्या बघतात आणि बंद करतात. खरा मजकूर उजवीकडच्या रकान्यांत असतो. व्यवहार कोणत्या प्रकारचा, हा रकाना सर्वांत महत्त्वाचा. बाजारातून खरेदी, बाजारात विक्री, बाजाराबाहेरचं हस्तांतर, आपसातलं हस्तांतर, भेट, ईसॉप (कर्मचाऱ्यांना मिळणारे शेअर), प्रेफरन्शियल अलॉटमेंट (निवडक लोकांना थेट दिलेले नवे शेअर), हक्कभाग (आहेत त्या भागधारकांना देऊ केलेले नवे शेअर), तारण ठेवणं, तारण सोडवणं, तारण जप्त होणं, हे सगळं एकाच यादीत येतं. यातले बाजारातून खरेदी आणि बाजारात विक्री हे दोनच प्रकार मी पहिल्या चाळणीत ठेवतो. बाकीचे काढून टाकल्यावर बहुतेक कंपन्यांच्या यादीत फारसं काही उरत नाही.

उदाहरणं द्यायची तर, २०२४ च्या जानेवारीत अझीम प्रेमजी यांनी विप्रोचे एक कोटीहून जास्त शेअर दोन्ही मुलांना भेट दिले. त्याच वर्षी मार्चमध्ये नारायण मूर्तींनी इन्फोसिसचे १५ लाख शेअर काही महिन्यांच्या नातवाच्या नावे केले. दोन्ही व्यवहार कोट्यवधींचे, बातम्याही मोठ्या झाल्या, पण कंपनीच्या भवितव्याबद्दल त्यांतून काहीही कळत नाही. घरातल्या एका कपाटातून दुसऱ्या कपाटात ठेवल्यासारखं आहे ते. तरी 'प्रवर्तकाने इतके शेअर काढले' असे मथळे येतात आणि लोक घाबरून फोन करतात.

पुढे किंमत आणि संख्या. किमतीला संख्येने भागा, सरासरी भाव निघतो. तो त्या दिवसांतल्या बाजारभावाशी जुळतो का बघा. व्यवहार कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत झाला आणि कंपनीला कधी कळवला, हेही बघा. दोन आणि दोन दिवसांचा हिशेब धरला तर तुमच्यापर्यंत बातमी येईतो जवळपास आठवडा गेलेला असू शकतो. छोट्या कंपनीत तेवढ्या वेळात शेअर दोनदा अपर सर्किटला (एका दिवसातल्या वाढीच्या कमाल मर्यादेला) लागून आलेला असतो. त्या भावाने घेणाऱ्याने प्रवर्तकाची नक्कल केली असं म्हणता येत नाही, कारण प्रवर्तकाने तो भाव दिलेलाच नाही.

आकार कशाशी ताडून बघायचा, यात लोकांचा गोंधळ होतो. समजा चार हजार कोटी बाजारमूल्याच्या कंपनीच्या प्रवर्तकाने ४० लाखांचे शेअर घेतले. तुम्हाला-मला ४० लाख मोठे वाटतात. कंपनीच्या दृष्टीने ते ०.०१ टक्का आहेत आणि प्रवर्तकाचा त्या वर्षीचा पगार सहा कोटी असेल तर जेमतेम एका महिन्याची कमाई. ही जाहिरात समजा. उलट त्याच कंपनीच्या सीएफओने वर्षाला दीड कोटी पगार असताना ९० लाखांचे शेअर बाजारातून घेतले, तर मी खुर्चीत सरळ बसतो. नोकरी तिथेच, बोनस तिथेच, आणि वरून बचतही तिथेच टाकली. वार्षिक अहवालात संचालक आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांचे पगार छापलेले असतात, त्यामुळे ही तुलना दहा मिनिटांत होते.

वेळेबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण खरेदी कधी झाली यातून बरंच कळतं. तिमाही संपली की आतल्या लोकांसाठी व्यवहाराची खिडकी बंद होते आणि निकाल जाहीर झाल्यावर ४८ तासांनी उघडते. जून तिमाहीचा निकाल २५ जुलैला आला तर जुलैअखेरीपासून सप्टेंबर संपेपर्यंत त्यांना व्यवहार करता येतात, तेही अनुपालन अधिकाऱ्याची आधी परवानगी घेऊन. ती परवानगी जास्तीत जास्त सात कामकाजी दिवस चालते. आता तर खिडकी बंद असताना या लोकांचे पॅन डिपॉझिटरीच्या पातळीवर गोठवले जातात. ही व्यवस्था २०२२ मध्ये निर्देशांकातल्या कंपन्यांपासून सुरू झाली आणि २०२३ पासून टप्प्याटप्प्याने सगळ्यांना लागू झाली.

निकालानंतर भाव कोसळला आणि खिडकी उघडताच पहिल्या दोन-तीन दिवसांत दोन-तीन संचालकांनी घेतले, तर तो मला पहिल्या प्रतीचा संकेत वाटतो. बाजाराने जे आकडे बघून विकलं, तेच आकडे टेबलापलीकडून बघणाऱ्यांनी घेतलं. दुसरा चांगला काळ म्हणजे तिमाहीचा शेवटचा महिना. कागदोपत्री कोणाकडेच अप्रकाशित माहिती नसते, पण सप्टेंबरच्या मध्यावर कारखान्यातून माल कसा चाललाय हे मालकाला माहीत नसतं, असं कोणी म्हणणार नाही.

शिवाय एकदा घेतले की सहा महिने विकता येत नाहीत. उलटा सौदा केला तर नफा जप्त होतो. हा सहा महिन्यांचा नियम मला फार उपयोगी वाटतो, कारण त्यामुळे खरेदी करणाऱ्याची किमान मुदत आपल्याला ठाऊक होते. पुढच्या पंधरवड्यात भाव पळेल असं समजून त्याच्यामागे जाणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

आता एक वेगळी गंमत, जी फक्त भारतात दिसते. २५ टक्क्यांहून जास्त मालकी असलेल्या प्रवर्तकाला एका आर्थिक वर्षात ५ टक्क्यांपर्यंत हिस्सा खुली ऑफर (बाकीच्या भागधारकांचे शेअर घेण्याचा जाहीर प्रस्ताव) न देता वाढवता येतो, एकूण ७५ टक्क्यांच्या आत राहून. ही सवलत वर्षाची. यंदा वापरली नाही तर पुढच्या वर्षी जोडून मिळत नाही. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये काही घराण्यांची खरेदी अचानक वाढते आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा सुरू होते. यात कंपनीचं भविष्य बघण्यापेक्षा कोटा संपवण्याचा भाग जास्त असतो. तरी एक बघा: असा प्रवर्तक भाव पडल्यावर घेतो की भाव कितीही असला तरी दरवर्षी मार्चमध्ये घेतो? दरवर्षी ठरल्याप्रमाणे घेणारा असेल तर त्याच्या खरेदीतून कळण्यासारखं फारसं उरत नाही. अमेरिकेत कोहेन, मॅलॉय आणि पोमोर्स्की या तिघांनी २०१२ मध्ये हेच दाखवलं होतं. लागोपाठ तीन वर्षं त्याच महिन्यात व्यवहार करणाऱ्यांना त्यांनी नेहमीचे गिऱ्हाईक म्हणून बाजूला काढलं, आणि पुढच्या भावाबद्दल काही सांगणारे व्यवहार उरलेल्यांचे निघाले. आपल्या बाजाराला ही चाळणी मी जशीच्या तशी लावतो. गेल्या तीन-चार वर्षांची यादी काढायची आणि सवय कुठे मोडली ते बघायचं.

तारणाकडे वळतो, कारण भारतात सगळ्यात जास्त फसगत इथे होते. प्रवर्तक आपले शेअर बँकेकडे किंवा वित्तसंस्थेकडे तारण ठेवून कर्ज काढतो. भाव पडला की सावकार आणखी शेअर किंवा रोख मागतो, नाही दिली तर तारण विकून टाकतो. अशा अवस्थेतल्या प्रवर्तकाने बाजारातून थोडे शेअर घेतले तर तो भावाला टेकू देत असतो. त्या खरेदीत आत्मविश्वास शोधू नका, घबराट शोधा.

सत्यम कंपनीतल्या हिशेबाच्या घोटाळ्याचं प्रकरण ७ जानेवारी २००९ रोजी उघडकीस आलं, त्याआधी प्रवर्तकांचे तारण शेअर सावकारांनी विकलेले होते आणि बाजाराला त्याची नीट कल्पनाच नव्हती. त्यानंतर त्याच महिन्यात सेबीने तारण जाहीर करण्याची सक्ती केली. म्हणजे त्याआधी शेअरहोल्डिंग पॅटर्नमध्ये (कोणाकडे किती शेअर, हे सांगणाऱ्या तक्त्यात) मालक म्हणून दिसणारा माणूस प्रत्यक्षात किती मालक आहे, हे कळायला मार्गच नव्हता. पुढचं मोठं उदाहरण मुंबईतलंच. २५ जानेवारी २०१९ रोजी झी एंटरटेनमेंटचा शेअर एका दिवसात चतुर्थांशाहून जास्त कोसळला आणि तिचे प्रवर्तक सुभाष चंद्र यांनी कर्जदात्यांची माफी मागणारं खुलं पत्र लिहिलं. वर्षाच्या सुरुवातीला ४० टक्क्यांच्या वर असलेला प्रवर्तकांचा हिस्सा वर्षअखेरीस ४-५ टक्क्यांवर आला. कंपनीचा धंदा तेव्हा फायद्यात होता, हे विसरू नका. कर्ज प्रवर्तकांच्या डोक्यावर होतं.

त्याच वर्षी सेबीने तारणाची व्याख्या रुंद केली. शेअर विकणार नाही असं सावकाराला लिहून दिलेलं वचनही आता त्यात येतं. तारण प्रवर्तकाच्या हिश्शाच्या ५० टक्के किंवा कंपनीच्या भांडवलाच्या २० टक्के झालं की कारणही जाहीर करावं लागतं. ही माहिती इनसायडरच्या यादीपेक्षा वेगळ्या खणात, अधिग्रहण नियमांखालच्या जाहिरनाम्यांत मिळते. प्रवर्तकाची खरेदी दिसली की मी आधीचे आणि नंतरचे दोन-तीन महिने त्या खणात शोधतो. खरेदीनंतर लगेच नवं तारण दिसलं, तर खरेदीला घातलेले पैसे त्याचे नव्हते.

वॉरंट, म्हणजे ठरलेल्या भावाने पुढे शेअर घेण्याचा हक्क, हा असाच दुसरा फसवा प्रकार. 'प्रवर्तक दोनशे कोटी घालणार' अशी घोषणा होते आणि शेअर उडतो. प्रत्यक्षात वॉरंटवर आधी फक्त २५ टक्के भरायचे असतात, उरलेले ७५ टक्के अठरा महिन्यांत. समजा वॉरंट २०० रुपयांना दिलं, प्रवर्तकाने ५० भरले. वर्षभरात भाव १३० झाला तर तो उरलेले दीडशे भरणार नाही, ५० सोडून देईल. भाव ३०० झाला तर भरेल आणि शंभर कमावेल. म्हणजे स्वस्तात मिळालेला तो ऑप्शन आहे, ज्याचं ओझं बाकीच्या भागधारकांवर येतं. घोषणेपेक्षा दुसरा हप्ता भरला का, हे बघा. भागधारकांनाही हे आता कळू लागलंय. जुलै २०२५ मध्ये झीच्याच प्रवर्तकांना वॉरंट देण्याच्या ठरावाला सुमारे ५९.५ टक्के मतं मिळाली, पण विशेष ठरावाला ७५ टक्के लागतात, त्यामुळे तो पडला.

याच प्रकारातली चांगली बाजू टाटा मोटर्समध्ये दिसली. २०१९ च्या अखेरीस टाटा सन्सने १५० रुपये भावाने शेअर आणि वॉरंट घ्यायचं ठरवलं, एकूण रक्कम साडेसहा हजार कोटींच्या आसपास. काही महिन्यांत कोविड आला आणि मार्च २०२० मध्ये शेअर सत्तरच्याही खाली गेला. प्रवर्तकाच्या मागे गेलेल्याचे पैसे अर्ध्याहून कमी झाले होते. मुदतीच्या आत टाटा सन्सने वॉरंटचे उरलेले पैसे भरले, तोवर भाव १५० च्या बराच वर गेला होता. प्रवर्तकाचा अंदाज शेवटी बरोबर ठरला, पण त्याच्याकडे थांबायला वेळ आणि पैसा दोन्ही होतं. मार्जिनवर, म्हणजे उधारीच्या पैशाने, घेतलेल्याकडे नव्हतं.

विक्रीकडे येतो. विक्रीवर मी खरेदीइतका वेळ घालवत नाही, आणि लोक मात्र विक्रीलाच जास्त घाबरतात. अमेरिकेतले जुने अभ्यासही हेच सांगतात, की आतल्यांच्या खरेदीतून पुढचं काही कळतं, विक्रीतून फारसं नाही, आणि खरेदीचा उपयोगही छोट्या कंपन्यांत जास्त. डायमन यांनीच फेब्रुवारी २०२४ मध्ये पहिल्यांदा सुमारे १५ कोटी डॉलरचे शेअर विकले आणि शेअर त्यानंतरही वर गेला. आपल्याकडे इंडिगो बघा. तिच्या दोन प्रवर्तकांपैकी एक राकेश गंगवाल यांनी फेब्रुवारी २०२२ मध्ये संचालकपद सोडताना पुढच्या पाच वर्षांत हिस्सा हळूहळू कमी करणार असं जाहीर केलं. त्यानंतर त्यांच्या कुटुंबाने टप्प्याटप्प्याने हजारो कोटींचे शेअर विकले. शेअर तेव्हा दोन हजारांच्या आसपास होता, २०२५ मध्ये पाच हजारांच्या वर गेला. प्रवर्तक विकतोय म्हणून बाहेर पडलेल्यांनी हे सगळं बाहेरून बघितलं. तिथे विक्रीचं कारण दोन प्रवर्तकांतला वाद होता आणि तो सर्वांना ठाऊक होता.

विक्रीला सक्तीचीही कारणं असतात. सूचिबद्ध कंपनीत किमान २५ टक्के शेअर जनतेकडे असावे लागतात, त्यामुळे ७५ च्या वर असलेल्या प्रवर्तकाला विकावंच लागतं. प्रवर्तक गटातल्या एखाद्या दूरच्या नातेवाइकाची नोंद सामान्य भागधारक म्हणून बदलली, तर एकही शेअर न विकता प्रवर्तकांची टक्केवारी खाली येते. आयपीओनंतर सहा महिने आणि अठरा महिने झाले की लॉक-इन (शेअर विकण्यावरची मुदतबंदी) सुटतात आणि विक्रीची लाट येते. कोणती विक्री कोणत्या खणातली, हे आधी वेगळं करायला हवं.

मग घाबरायचं कधी? माझ्या अनुभवात तीन गोष्टी एकत्र आल्या की. विकणारे एकापेक्षा जास्त आणि वेगवेगळ्या खात्यांतले असले, त्यांनी उरलेल्या हिश्शाच्या मानाने मोठा भाग विकला, आणि कंपनी त्याच वेळी मुलाखतींतून मोठमोठे आकडे सांगत असली. यातलं तिसरं लोक विसरतात. तोंडाने एक आणि डिमॅट खात्याने दुसरं, हे दिसलं की मी तरी तिथे थांबत नाही.

अलीकडचं इंडसइंड बँकेचं प्रकरण यासाठी वाचण्यासारखं आहे. १० मार्च २०२५ रोजी बँकेने डेरिव्हेटिव्हच्या हिशेबात विसंगती असल्याचं जाहीर केलं, त्याचा परिणाम नक्त मूल्याच्या सुमारे २.३५ टक्के असल्याचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी शेअर २७ टक्के पडला. मे महिन्याच्या अखेरीस सेबीने अंतरिम आदेश काढून माजी मुख्य कार्यकारी सुमंत कठपालिया यांच्यासह पाच अधिकाऱ्यांना बाजारात व्यवहार करायला मनाई केली आणि मिळून १९.७८ कोटी रुपये गोठवायला सांगितले. विसंगती अंतर्गत पातळीवर माहीत असताना त्यांनी शेअर विकले, असा सेबीचा आरोप. आदेश अंतरिम होता, त्याला अंतिम निकाल समजू नका. आपल्या कामाचा मुद्दा असा की त्या विक्रीची नोंद बाजाराकडे होती, पण बँकेच्या अधिकाऱ्याने ईसॉपचे शेअर विकले ही रोजचीच गोष्ट आहे. फक्त फॉर्मवरून कोणी ते आधी ओळखलं असतं, असं मी म्हणणार नाही. फॉर्ममुळे शंका येते, उत्तर ताळेबंदातच शोधावं लागतं.

ईसॉपचं गणितही समजून घ्या, कारण तुमच्या सीएफओचा प्रश्न बहुधा तिथेच सुटेल. कर्मचाऱ्याला ठरलेल्या, अनेकदा फार कमी भावाने शेअर घेण्याचा हक्क मिळतो. तो हक्क वापरला त्या दिवशी बाजारभाव आणि त्याने भरलेला भाव यांतला फरक त्याचं उत्पन्न धरला जातो आणि त्यावर कर लागतो, शेअर विकला नसला तरी. त्यामुळे हातात पडलेल्या शेअरपैकी तिसरा हिस्सा कर भरायला विकणं ही अगदी साधी गोष्ट आहे. आणि ईसॉप वापरणं म्हणजे खरेदी नव्हे, यादीत 'घेतले' असं दिसलं तरी. मला रस वाटतो तो ईसॉप वापरून, कर घरच्या पैशाने भरून, एकही शेअर न विकणाऱ्या अधिकाऱ्यात. असे थोडे असतात.

कर हा घटक प्रवर्तकांच्या वागण्यातही लपलेला असतो. इन्फोसिसने २०२५ मध्ये १८ हजार कोटींचं बायबॅक (कंपनीने स्वतःचेच शेअर परत विकत घेणं) १,८०० रुपयांनी जाहीर केलं, बाजारभावापेक्षा चढ्या दराने, आणि प्रवर्तकांनी भाग घेणार नाही असं कळवलं. लगेच चर्चा सुरू झाली की बघा, त्यांना याहून मोठा भाव दिसतोय. असेलही. पण ऑक्टोबर २०२४ पासून लागू असलेल्या त्या वेळच्या नियमाने बायबॅकची सगळी रक्कम लाभांश धरून भागधारकाच्या हातात करपात्र होत होती. वरच्या करपातळीतल्या माणसाला तो सौदा तसा महागच पडला असता. संकेत वाचण्याआधी कराचा तक्ता वाचावा.

एक इशारा, कारण हे विचारणारे बरेच भेटतात. जाहीर झालेल्या फॉर्मवरून व्यवहार करणं पूर्ण कायदेशीर आहे. पण टेलिग्रामवरच्या कोणी 'प्रमोटर उद्यापासून उचलणार, आतून पक्की खबर' असं सांगितलं आणि ती खबर खरी निघाली, तर ती बाळगून व्यवहार करणारा तुम्हीही नियमांच्या दृष्टीने इनसायडर ठरता, कंपनीशी तुमचा काडीचा संबंध नसला तरी. सेबी कायद्यात याला किमान दंड १० लाख, कमाल २५ कोटी किंवा नफ्याच्या तिप्पट, यांत जे जास्त असेल ते. आणि खबर खोटी असेल तर काय होतं, ते सांगायला नको.

नियमित लक्ष ठेवायचं तर रोज बघू नका, आठवड्यातून एकदा शनिवारी पुरे. तुमच्याकडे असलेल्या आणि घेण्याच्या विचारात असलेल्या कंपन्यांपुरतंच बघा. सगळ्या बाजाराची यादी चाळली की कुठेतरी काहीतरी चमकणारच आणि तुम्ही माहीत नसलेल्या कंपनीत शिराल. मी एका वहीत कंपनीमागे एक पान ठेवतो: कोणी, कधी, कोणत्या मार्गाने, कोणत्या सरासरी भावाने, आणि त्याच्याकडे नंतर किती उरले. दोन-तीन वर्षांनी त्या पानावरून माणसाचा स्वभाव कळतो, आणि हा प्रवर्तक स्वस्तात घेणारा आहे की दाखवायला घेणारा, हे ठरवायला मग मथळ्यांची गरज उरत नाही. घेतल्याचं पान चांगलं दिसलं की मग नेहमीचं काम सुरू होतं: रोकड प्रवाह, संबंधित पक्षांशी व्यवहार, कर्ज, भाव. प्रवर्तकाच्या खरेदीने माझ्या यादीत कंपनी वर सरकते, पण खरेदीचा निर्णय तिच्यावर मी कधी घेत नाही.

आता तुमची औषध कंपनी. आधी सीएफओचा फॉर्म उघडा. त्या विक्रीच्या काही दिवस आधी ईसॉप वापरल्याची नोंद असेल आणि विकलेला भाग तिसऱ्या हिश्शाच्या आसपास असेल, तर ते प्रकरण तिथेच सोडा. ईसॉप नसताना त्याने जवळ असलेल्यातले बहुतेक विकले असतील, तर पुढच्या काही महिन्यांत तो राजीनामा देतो का आणि लेखापरीक्षक बदलतो का, याकडे डोळा ठेवा. मग प्रवर्तकाचे 'थोडे शेअर' म्हणजे किती रुपयांचे, ते त्याच्या पगाराशी ताडा. खरेदी मार्चमधली असेल तर गेल्या तीन वर्षांच्या मार्चमध्ये काय केलं होतं तेही बघा. आणि तिमाही संपल्यावर २१ दिवसांत शेअरहोल्डिंग पॅटर्न येतो, त्यात प्रवर्तकांच्या नावांसमोर तारणाचा रकाना असतो. तो शून्य असेल तर खरेदीला किंमत आहे. वाढलेला असेल, तर सीएफओने काय केलं याची चिंता करायचं कारण नाही, चिंता करण्यासारखं तिथेच पुरेसं आहे.